टर्मिनलचं सोवळं

लिनक्सवाल्या मंडळींमध्ये एक सोवळं-ओवळं असतं. काळ्या पडद्यावर कमांड टाइप करून सर्व्हर चालवलात तर तुम्ही सोवळ्यातले. तेच काम ब्राउझरमध्ये पान उघडून, चार बटणं दाबून केलंत की विटाळ झाला. ऑफिसच्या कँटीनमध्ये 'मी आमच्या सर्व्हरवर वेबमिन टाकलंय' असं सहज बोलून बघा. समोरचा चहाचा कप खाली ठेवेल, कीव आल्यासारखं तुमच्याकडे बघेल आणि विषय बदलेल. आता मी स्वतः दिवसातले सहा-सात तास टर्मिनलमध्येच काढतो, 'व्हीआय'मधून बाहेर कसं पडायचं हेही मला येतं :-) त्यामुळे पुढे जे लिहितोय ती कमांड पाठ होत नाहीत म्हणून केलेली रडारड नाही, एवढं आधीच सांगून ठेवतो.

माझं म्हणणं असं. छोट्या ऑफिसात, दुकानात, दवाखान्यात, गावातल्या ग्रंथालयात कोपऱ्यात धूळ खात जो एकुलता एक लिनक्स सर्व्हर चालू असतो, त्यावर ब्राउझरमधून उघडणारं व्यवस्थापनाचं साधन असायलाच हवं. आणि ते मुख्यतः बघण्यासाठी. बदल करायचे की नाही, कुणी करायचे, हा नंतरचा प्रश्न. पण ज्याचं मशीन आहे त्याला ते आतून कसं चाललंय हे कुणाच्या मध्यस्थीशिवाय दिसलं पाहिजे.

सातबाऱ्याचंच बघा ना. वर्षानुवर्षं तो तलाठ्याच्या दप्तरात असायचा. आपल्याच जमिनीवर आपलंच नाव आहे का, हे बघायला खेपा घालाव्या लागायच्या. आता तो महाभूलेखवर बघता येतो. बघता येतो म्हणून कुणी घरबसल्या दुसऱ्याच्या शेतावर स्वतःचं नाव चढवू शकत नाही. फेरफाराला अर्ज, नोटीस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी हे सगळं अजून आहेच. पण 'बघणं' आणि 'बदलणं' ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून सुटल्या. लिनक्स सर्व्हरच्या बाबतीत आपण अजून दप्तराच्या जमान्यात आहोत, आणि खरं सांगायचं तर आपल्यातल्या बऱ्याच जणांना तलाठी असणं आवडतं.

हे मत पक्कं झालं ते नाशिकच्या एका छापखान्यामुळे. माझ्या मावसभावाचा छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, एखाद-दुसरा दिवाळी अंक. आठ-नऊ माणसं. 'थोरलीच्या वेळी होती तशीच पत्रिका करा, फक्त नावं बदला' असं सांगत गिऱ्हाईक बारा वर्षांनी परत येतं, त्यामुळे जुनं काम जपून ठेवणं हा निम्मा धंदा. कोरलच्या फायली, श्रीलिपीचे फाँट, गिऱ्हाइकांचे फोटो... सगळं एका डेबियन मशीनवर. सांबामुळे विंडोजच्या कॉम्प्युटरांना तिथले फोल्डर दिसतात. दोन टेराबाइटच्या दोन डिस्क रेड-वन पद्धतीने जोडलेल्या, म्हणजे एकीवर लिहिलेलं दुसरीवरही उमटतं आणि एक गेली तरी दुसरी असते. हे सगळं लावून देणारा मुलगा हुशार होता, काम चोख केलं होतं त्याने. पुढे त्याला बंगळूरला नोकरी लागली आणि तो गेला. जाणारच.

दादाने मला बोलावलं ते 'हल्ली फाइल उघडायला फार वेळ लागतो रे' म्हणून. मशीनवर शिरलो आणि आधी रेडची अवस्था बघितली. दोनपैकी एक डिस्क जोडीतून केव्हाच बाहेर पडली होती. रेडवर लक्ष ठेवणारा जो प्रोग्रॅम आहे, एमडीएडीएम, त्याने रूटच्या टपालपेटीत रोज एक अशी सव्वाशेच्या वर पत्रं टाकून ठेवली होती. डिस्क गेली आहे. डिस्क गेली आहे. डिस्क गेली आहे. चार महिने! पत्रं वेळेवर पोचली होती, पत्ताही बरोबर होता. पण ती पेटी उघडायला टर्मिनल लागतं आणि छापखान्यात टर्मिनल माहीत असलेलं कुणीच नव्हतं. उरलेली डिस्क त्याच खोक्यातून आलेली, त्याच वयाची. तेवढ्या एका डिस्कवर सगळा जुना माल उभा होता. आणि दुसरीकडे कॉपी? नव्हती. रेड आहे म्हणजे बॅकअप आहे असा सगळ्यांचा समज.

इथे 'दादाला कॉम्प्युटर कळत नाही' म्हणून मोकळं होता येईल, पण मला ते पटत नाही. ऑफसेट मशीनचा आवाज जरासा बदलला तर तो माणूस पलीकडच्या खोलीतून ओळखतो आणि हातातला चहा टाकून धावतो. यंत्राकडे लक्ष द्यायची सवय त्याच्या अंगात आहे. हे एकच यंत्र असं होतं की ज्याचा आवाज त्याला ऐकूच येत नव्हता. चार महिन्यांत एकदा जरी त्याला लाल अक्षरात 'डिस्क गेली' असं दिसलं असतं तर त्याने त्याच दिवशी कुणाला तरी फोन केला असता.

तर मग काय लावायचं? ब्राउझरमधून लिनक्स चालवायची कल्पना जुनीच आहे. वेबमिन १९९७पासून आहे, जेमी कॅमेरॉनने पर्लमध्ये लिहिलेलं. स्वतःचा छोटासा वेब सर्व्हर घेऊन ते पोर्ट १०००० वर बसतं आणि सांबा, अपाची, बाइंड, पोस्टफिक्स, क्रॉन... काय म्हणाल त्याचं पान त्यात असतं. आपल्याकडे कित्येक लहान होस्टिंगवाल्यांनी आणि कॉलेजच्या लॅबनी त्याच्यावर वर्षं काढली. सांबाबरोबर पूर्वी स्वॅट नावाचं पान यायचं, पोर्ट ९०१ वर. त्यात सुरक्षेची भोकं निघत होती आणि सांभाळायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून २०१३ साली सांबा ४.१ मधून ते काढूनच टाकलं. आणि नव्यांपैकी कॉकपिट. रेड हॅटच्या लोकांनी सुरू केलेलं, २०१४च्या शेवटी फेडोरा सर्व्हरमधून आलं, २०१९ साली रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये मानाने बसलं, आणि आता २०२५मध्ये ओपनसुझे लीप १६ ने तर आपलं इतक्या वर्षांचं यास्ट बाजूला ठेवून कॉकपिट घेतलं. सुझेवाल्यांसाठी यास्ट म्हणजे काय होतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना ह्या बातमीचं वजन कळेल.

मी छापखान्यात कॉकपिट लावलं. वेबमिन वाईट आहे म्हणून नाही. पानांची संख्या मोजायची तर वेबमिन कितीतरी पुढे आहे, आणि कॉकपिटबरोबर सांबाचं पान येतच नाही, बाहेरून आणावं लागतं. कारण वेगळं होतं. वेबमिनचा सर्व्हर रूट म्हणून कायम चालू असतो. त्यातही कुठल्या माणसाला कुठलं पान दिसावं हे बारकाईने ठरवता येतं, पण तो नियम वेबमिनने पाळायचा असतो. कॉकपिटमध्ये तुम्ही मशीनवरच्या तुमच्या नेहमीच्या खात्याने लॉग-इन करता, आणि तुमच्या वतीने आत जे काही चालतं ते तुमच्याच नावाने, तुमच्याच परवानग्यांनी चालतं. एसएसएचने आत गेल्यावर जे करता येणार नाही ते ब्राउझरमधूनही करता येत नाही. म्हणजे 'ह्याला बदलू देऊ नकोस' हे सांगायचं काम मूळ सिस्टिमच करते, वरचं पान नाही. मला दादाला 'बघ पण बदलू नकोस' अशी खिडकी द्यायची होती, तर त्यासाठी वेगळं काही करावंच लागलं नाही. सुडो नसलेलं एक साधं खातं काढलं, झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे कॉकपिट स्वतःकडे काही लिहून ठेवत नाही. त्याचा स्वतःचा डेटाबेस नाही. मी टर्मिनलवरून एखादी सेवा बंद केली की पुढच्या क्षणी त्याच्या पानावर ती बंद दिसते, कारण ते पान थेट सिस्टिमडी आणि यूडिस्क्सलाच विचारत असतं. आणि कुणी बघत नसेल तेव्हा ते चालूही नसतं. सिस्टिमडी दारात उभं राहतं, कुणी पोर्ट ९०९० वर आलं की मग कॉकपिटला उठवतं. जुनं मशीन, चार जीबी मेमरी, अशा ठिकाणी याचं महत्त्व असतं.

सेटअप म्हणाल तर एका ओळीचा. डेबियनच्या भांडारात ते आहेच, एपीटीने कॉकपिट मागवायचं. रेड हॅटच्या घराण्यातल्या वितरणांवर कॉकपिटचं सॉकेट सिस्टिमसीटीएलने एनेबल करायचं, डेबियनवर तेही आपोआप होतं. चहा यायच्या आत लॉग-इनचं पान समोर. इंटरनेटवरचे बहुतेक लेख इथेच संपतात, 'आता ब्राउझर उघडा आणि मजा करा' म्हणून. माझ्या मते खरं काम इथे सुरू होतं आणि त्याला एक-दीड तास लागतो.

पहिला प्रश्न, दार कुठे उघडायचं. लावल्या लावल्या कॉकपिट मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर ऐकायला लागतं, आणि डेबियनवर फायरवॉल आपोआप चालू नसतं. छापखान्यातल्या साध्या ब्रॉडबँडला 'आपण राऊटरच्या मागे आहोत, कोण येतंय' असं म्हणायची पद्धत आहे. पण आयपीव्ही६ आल्यापासून आतल्या मशीनलाही जगाला दिसणारा पत्ता मिळू शकतो, आणि मग सगळं राऊटरच्या मर्जीवर. म्हणून सॉकेटच्या फायलीत बदल करून मी ते फक्त छापखान्याच्या आतल्या एका पत्त्यावर बांधलं. इथे एक बारीक गोम आहे: मशीन सुरू होताना तो पत्ता अजून मिळालेला नसेल तर सॉकेट उघडतच नाही, त्यासाठी त्याच फायलीत 'फ्रीबाइंड' चालू करावं लागतं. शिवाय फायरवॉलमध्ये ९०९० फक्त आतल्यांसाठी. मला पुण्याहून बघायचं असेल तेव्हा मी एसएसएचच्या बोगद्यातून जातो. राऊटरवर पोर्ट फॉरवर्ड करून 'कुठूनही बघता येतं' अशी सोय करून देणारे महाभाग भेटतात. त्यांना दोन हात जोडून नमस्कार.

कारण हे भय काल्पनिक नाही. कुठल्याही सार्वजनिक वेब सर्व्हरचा लॉग उघडून बघा, पीएचपीमायॲडमिन आहे का, इथे आहे का, तिथे आहे का असं विचारत येणाऱ्या पाहुण्यांची रांग दिसेल. आणि वेबमिनची २०१९ची गोष्ट तर प्रत्येकाने वाचावी अशी आहे. ऑगस्ट २०१९मध्ये डेफकॉन परिषदेत एका संशोधकाने दाखवलं की पासवर्ड बदलायच्या पानातून, लॉग-इन न करताच, सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता येते. शोध घेतल्यावर कळलं की ही प्रोग्रॅमरची चूक नव्हतीच. एप्रिल २०१८मध्ये कुणीतरी वेबमिनची पॅकेजं जिथे तयार होतात त्या सर्व्हरमध्ये शिरून ते चोरदार घुसडलं होतं. गिटहबवरचा कोड स्वच्छ होता, पण सोर्सफोर्जवरून लोक जे पॅकेज उतरवत होते त्यात ते होतं. आवृत्ती १.८९० मध्ये तर आपोआप उघडं; त्यापुढच्या १.९२० पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये पासवर्डच्या मुदतीची एक विशिष्ट सोय चालू केली असेल तर. १.९३० मध्ये ते काढलं, आणि काय घडलं ते वेबमिनने स्वतः जाहीर लिहिलं. हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

आता विचार करा. ज्यांनी वेबमिन अगदी नियमित अपडेट केलं, म्हणजे शहाण्यासारखे वागले, त्यांच्याकडे ते चोरदार आलं. त्यांच्यातले वाचले कोण? ज्यांचा पोर्ट १०००० बाहेरून पोचण्यासारखा नव्हता ते. कॉकपिटच्या बाबतीत असं कधी होणारच नाही असं मी मानत नाही, कुणी मानू नये. म्हणून दार कुठे आहे हा प्रश्न साधन कुठलं ह्याच्या आधी येतो.

मग सर्टिफिकेट. कॉकपिट स्वतःच सही केलेलं सर्टिफिकेट तयार करतं, त्यामुळे ब्राउझर 'ही जागा सुरक्षित नाही' म्हणून बोंब मारतो. आपण समोरच्याला काय सांगतो? 'काही नाही हो, ॲडव्हान्स्डवर क्लिक करा आणि पुढे जा.' ही सवय एकदा लागली की बँकेच्या खोट्या पानावरही तो तसाच पुढे जाणार. मी छापखान्यासाठी एक छोटं स्थानिक प्रमाणपत्र-केंद्र तयार केलं, दादाच्या आणि हिशेबाच्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरला त्याची ओळख करून दिली, आणि त्याने सही केलेलं सर्टिफिकेट कॉकपिटच्या फोल्डरात ठेवलं. (त्या फोल्डरात नावाच्या वर्णानुक्रमाने जे शेवटचं असेल ते वापरलं जातं. कॉकपिटने केलेल्याचं नाव म्हणूनच शून्याने सुरू होतं. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला एक कटिंग माझ्याकडून.)

खात्यांचं वर सांगितलंच. दादाच्या खात्याला सुडो नाही. फक्त सिस्टिमच्या नोंदी वाचता याव्यात म्हणून त्याला 'एडीएम' गटात घातलं, नाहीतर लॉगचं पान त्याला जवळपास रिकामंच दिसतं. माझ्या खात्याला सुडो आहे, पण लॉग-इन केल्यावरही मी बहुतेक वेळ मर्यादित परवानगीतच राहतो आणि लागेल तेव्हा वरची परवानगी घेतो. रूटने थेट लॉग-इन बंद.

अपडेटच्या पानाने मात्र थोडा पिट्टा पाडला. इंटरनेट धडधडीत चालू असताना ते म्हणत राहिलं की आपण ऑफलाइन आहोत. डेबियन आणि उबुंटूवर हा नेहमीचा लोच्या आहे. अपडेटचं पान पॅकेजकिटला विचारतं, पॅकेजकिट नेटवर्कमॅनेजरला विचारतं, आणि सर्व्हरचं नेटवर्क जर दुसऱ्याच कुणाच्या ताब्यात असेल तर नेटवर्कमॅनेजर सांगतो, 'माझ्याकडे तर काहीच जोडलेलं नाही बुवा.' म्हणजे सरकारी कचेरीच झाली. अपडेट आपोआप होतील अशी सोय वेगळी करून मी ते पान सोडून दिलं.

हे सगळं शनिवारी झालं. नवी डिस्क रविवारी आली. शनिवारी संध्याकाळी दादाला त्याच्या खात्याने आत नेलं, स्टोरेजचं पान उघडून दिलं. 'डिग्रेडेड' असा इशारा समोरच होता. तो शब्द त्याने बराच वेळ बघितला आणि विचारलं, "हे चार महिने असंच दिसत होतं?" मी म्हटलं, दिसलं असतं. मग तो काही बोलला नाही. रविवारी डिस्क बसवली, जोडीत घातली (हे मी टर्मिनलवरूनच केलं, दोन कमांडचं काम, बटणं शोधत कोण बसणार), पाच-एक तासांनी दोन्ही डिस्क सारख्या झाल्या आणि तो इशारा गेला. दादाने तो गेलेला स्वतः बघितला, मी फोन करून सांगायच्या आधी.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: 'ज्याला कळत नाही त्याच्या हातात बटणं देऊ नयेत.' एकदम मान्य, म्हणूनच मी दिलेली नाहीत. पण हा आक्षेप घेणारे एक विसरतात. ज्याला कळत नाही तो अडचणीत सापडला की आजकाल काय करतो? एआयच्या चॅटबॉटला विचारतो, आणि तो जी ओळ देईल ती सुडोसकट टर्मिनलमध्ये चिकटवतो. ती ओळ काय करते हे त्याला माहीत नसतं. काळ्या पडद्यावर चिकटवली म्हणून ती सोवळी होत नाही. त्यापेक्षा कुठली सेवा बंद पडली आहे हे पानावर बघून, तेवढं वाचून दाखवून त्याने मला फोन केलेला परवडला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला बऱ्याच अंशी मान्य आहे. बटण दाबून केलेल्या बदलाचा मागमूस राहत नाही. कमांड असेल तर ती लिहून ठेवता येते, गिटमध्ये ठेवता येते, उद्या दुसऱ्या मशीनवर तशीच चालवता येते. पन्नास सर्व्हर असतील तर एकेकाच्या पानावर जाऊन क्लिक करत बसणं हा शुद्ध गाढवपणा आहे. तिथे ॲन्सिबल किंवा तसलं काहीतरी हवं, आणि आमच्या कंपनीत तसंच आहे. पण ही सगळी शिस्त आपण ज्या जगात शिकलो तिथे रात्रपाळीला माणूस असतो, अलर्ट मोबाइलवर येतो, डॅशबोर्ड भिंतीवर लटकलेला असतो. छापखान्यात त्यातलं काहीच नाही. तिथे सोवळं पाळण्याचा परिणाम एवढाच की मशीन मरायला टेकलेलं कुणाला कळत नाही.

आणि तिसरा, जो कुणी तोंडाने बोलत नाही. मालकाला सगळं दिसायला लागलं तर आपल्याला कोण विचारणार? ओळखीतल्या एका लिनक्सवाल्याने मला हे हसत हसत सांगितलं होतं: 'अरे, दर महिन्याला एकदा जाऊन दोन कमांड मारतो, त्याचे पैसे मिळतात.' वाईट माणूस नाही तो. काम नीट करतो. पण त्याच्या गिऱ्हाइकाला आपलं मशीन कसं आहे हे महिन्यातून एकदा, आणि तेही तो सांगेल तेवढंच कळतं. तो मुंबईला गेला की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आता बॅकअप. दादाने पान दोन-तीन आठवडे बघितल्यावर विचारलं, 'ह्यात बॅकअपचं पान कुठे आहे?' कॉकपिटमध्ये तसं पान नाही. म्हणून बाहेरच्या एका यूएसबी डिस्कवर रोज रात्री आरसिंकने कॉपी करणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली आणि ती क्रॉनऐवजी सिस्टिमडीच्या टायमरवर टाकली. क्रॉननेही काम झालंच असतं, पण सिस्टिमडीची सेवा अयशस्वी झाली की कॉकपिटच्या अगदी पहिल्या पानावर लाल खूण येते. स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच एक तपासणी आहे: यूएसबी डिस्क खरोखर जोडलेली नसेल तर तिथेच थांबायचं आणि अपयश नोंदवायचं. ही ओळ नसेल तर आरसिंक बिचारं रिकाम्या फोल्डरात, म्हणजे मूळ डिस्कवरच, इमानदारीत कॉपी करत बसतं आणि सगळं आलबेल दिसतं.

ऐन लग्नसराईत एका सकाळी दादाचा फोन आला. 'अरे, पहिल्या पानावर लाल आलंय, एक सेवा फेल म्हणतंय. नावात बॅकअप आहे.' म्हटलं, मशीनच्या मागे बघ. झाडणाऱ्या मावशींनी रात्री पंखा लावायला यूएसबी डिस्कचा प्लग काढला होता. त्याने तो परत लावला. डिस्क पुन्हा जोडून सेवा चालू करण्यापुरतं काम माझ्याकडे होतं, ते मी ऑफिसला जायच्या आधी पाच मिनिटांत केलं.